दर थंडीत केळ पिवळी पडते, घड खोडातच अडकतो: नाशिकच्या परसबागेसाठी उपाय

दसरा-दिवाळीपर्यंत दारची केळ तरारलेली असते. पावसाळ्यात फुटलेली रुंद पानं, बुंध्याशी तीन-चार पिल्लं, झाड वयात आलेलं असेल तर पोटात घडही. मग पहाटेचा गारवा वाढतो आणि डिसेंबर अर्धा सरेपर्यंत तेच झाड ओळखू येत नाही. खालची पानं पिवळी होऊन खोडाला चिकटून लोंबतात. नवा पोगा (गुंडाळलेलं कोवळं पान) निघतो तो अर्धा उलगडतो आणि तिथेच थांबतो. घड यायचा असेल तर तो खोडाच्या तोंडाशी अडकून बसतो, खाली वाकतच नाही. मखमलाबाद असो, इंदिरानगर असो की देवळाली, जिथे बंगल्याच्या आवारात केळ आहे तिथे ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. त्यावरचे उपायही दर वर्षी तेच असतात: पाणी वाढवायचं, बुंध्याशी मूठभर युरिया टाकायचा, पिवळी पानं कापून झाड ‘स्वच्छ’ करायचं. ऐन थंडीत या तिन्ही गोष्टींनी केळीचं नुकसानच होतं.

वर्षानुवर्षं आसपासच्या केळी पाहून माझं मत पक्कं झालं आहे की या दुखण्याचा खरा इलाज डिसेंबरात होत नाही. थोडा ऑक्टोबरात होतो, आणि सगळ्यात मोठा भाग त्याच्याही आधी, कोणतं पिल्लू ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे ठरवतानाच होऊन जातो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांचं झाड आत्ता पिवळं पडलंय त्यांच्यासाठी आधी तातडीचं.

थंडीत केळीला होतं तरी काय

केळ मुळात उष्ण आणि दमट हवेतली. २५ ते ३० अंशांत ती झपाट्याने वाढते. १६ अंशांच्या खाली नवं पान निघण्याचा वेग एकदम मंदावतो, १० अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी येणारं पान जानेवारीत तीन आठवडे वाट पाहायला लावतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. केळीचं माहेर म्हणावं असं जळगाव २०० मीटरच्या आसपास, आणि तिथेसुद्धा थंडीच्या लाटेत बागांना फटका बसतो. आपल्याकडे तर निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. शहरात तेवढं होत नाही. पण गोदाकाठची सखल जागा, मळ्यांना लागून असलेल्या वसाहती, मोकळ्या प्लॉटशेजारची घरं इथे पहाटेची थंडी शहराच्या मध्यापेक्षा चांगलीच जास्त असते. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचून राहते. म्हणून एकाच गल्लीत वरच्या अंगाची केळ हिरवी आणि खालच्या अंगाची पिवळी दिसली तर नवल वाटायला नको.

पानांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट जमिनीखाली घडते. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. माती गार झाली की मुळांचं काम मंदावतं, पाणी आणि अन्नद्रव्यं उचलली जात नाहीत. मातीत सगळं असूनही झाड उपाशी राहतं आणि जुन्या पानांतलं नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) नव्या पानांकडे ओढून घेतं. खालची पानं पिवळी पडण्याचं हे मुख्य कारण. ते खताच्या कमतरतेसारखं दिसतं, म्हणून लोक खत टाकतात, आणि ते खत न वापरलं जाता मुळांशी साचून राहतं.

पिवळेपणा कुठला, ते आधी ओळखा

सगळा पिवळेपणा थंडीचा नसतो. झाडाजवळ जा, एक पान हातात धरा आणि नीट बघा.

पिवळं पडलेलं पान सगळ्यात खालचं असेल, रंग कडेकडून आत सरकत असेल आणि वरची चार-पाच पानं फिकट असली तरी धड असतील, तर बहुधा थंडी आणि पालाशची कमतरता एकत्र आहे. घाबरायचं कारण नाही.

पानावर शिरांना समांतर बारीक पिवळ्या रेघा, पुढे त्यांचे लांबट तपकिरी ठिपके, ठिपक्याच्या मध्यभागी राखाडी आणि भोवती पिवळी कडा असेल, तर तो करपा. पावसाळ्याच्या शेवटी लागतो आणि नोव्हेंबरात नजरेत भरतो, म्हणून त्याचं खापर थंडीवर फुटतं. त्या पानाचा रोगट भागच कापा, आवाराबाहेर टाका. उरलेला हिरवा भाग राहू द्या.

नवीन पान शिरांमध्ये पांढरट-पिवळं आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमी होतं. नाशिकच्या नव्या बंगल्यांच्या आवारात आणखी एक भानगड असते. वर सहा इंच काळी माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचा चुरा. तिथे केळ कधीच सुखी होत नाही. अशा जागी दोन-अडीच फूट खोल-रुंद खड्डा खणून माती बदलणं हाच उपाय, तोही उन्हाळ्यात.

आणि एक वाईट शक्यता. पानं कडेने पिवळी होऊन देठाशी मोडत असतील, खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत असतील आणि बुंध्याशी खोड उभं तडकलं असेल, तर खोडाचा बाहेरचा एक पापुद्रा चिरून बघा. आत तांबूस-तपकिरी रेघा दिसल्या तर तो मर रोग. हा थंडी गेल्यावर बरा होत नाही. खुंट कंदासकट उपटा, माती दुसऱ्या झाडाला नेऊ नका, वापरलेला कोयता निर्जंतुक करून घ्या आणि त्या जागी पुन्हा केळ लावू नका. तसंच, पानं अरुंद, ताठ, शेंड्याशी गुच्छ करून उभी राहिली असतील आणि देठावर गडद हिरव्या तुटक रेघा असतील, तर तो पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग. तोही खुंट काढूनच टाकावा लागतो, कारण मावा तो शेजारच्या झाडावर नेतो.

पाणी

आपल्याकडे केळ परंपरेने मोरीच्या पाण्यावर लावतात. आठ महिने ही पद्धत उत्तम. थंडीत मात्र तेच पाणी घात करतं, कारण केळ पाणी पीत नाही आणि मोरी वाहायची थांबत नाही. बुंध्याशी सतत चिखल, चिखलात गार पडलेली मुळं, मग ती कुजणं. बुंध्यापासून हातभर अंतरावर बोट माती‍त पेराएवढं खुपसून बघा. माती बोटाला चिकटून आली आणि कुबट वास आला तर पाणी बंद करा, मोरीचा पाट दुसरीकडे वळवा. पेरं-दीड पेरं कोरडं लागलं तरच पाणी द्या. मोठ्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवसांनी दोन बादल्या पुष्कळ होतात. हलक्या, मुरमाड जमिनीत थोडं आधी लागेल.

किती यापेक्षा कोणतं पाणी आणि केव्हा, हे जास्त महत्त्वाचं आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं सकाळी सहाचं पाणी हात बधिर करणारं असतं, ते केळीला देऊ नका. तीच टाकी दुपारी चारला कोमट झालेली असते. बोअरचं ताजं उपसलेलं पाणी थंडीतही कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत रात्री-पहाटे बागेला पाणी देतात ते यासाठीच. ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी भुसभुशीत माती लवकर गार होते. म्हणून निफाडचा पारा ७-८ अंशांवर आल्याची बातमी आली की त्या दिवशी संध्याकाळी, माती कोरडी असेल तर, एक बादली पाणी घालावं. आधीच ओली असेल तर तसंच राहू द्यावं.

पानं कापू नका, पूजेसाठीसुद्धा सांभाळून

पिवळं पान दिसलं की कोयता उचलायची सवय सोडायला हवी. अर्धं पिवळं पान अर्धं काम करतंच. शिवाय खोडाभोवती लोंबणारी वाळकी पानं पहाटेच्या गारठ्यात खोडाला पांघरूण होतात. ती जानेवारी सरेपर्यंत तशीच राहू द्या. करप्याची पानं तेवढी याला अपवाद.

मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, घरोघरचे सत्यनारायण, सगळं याच दिवसांत येतं आणि ज्याच्या दारात केळ आहे त्याच्याकडे पानं मागायला अख्खी गल्ली येते. नाही म्हणणं आपल्याला जमत नाही, जमूही नये. पण घड निसवताना, म्हणजे खोडातून बाहेर पडताना, झाडावर निदान आठ चांगली पानं असावी लागतात, तरच फण्या भरतात. थंडीत गेलेल्या पानाच्या जागी दुसरं पान यायला तीन आठवडे लागतात. म्हणून घड असलेल्या किंवा निसवायला आलेल्या झाडाला हात लावू नका. पूजेच्या पानांसाठी बाजूचं रुंद पानांचं पिल्लू राखून ठेवा. ते पुढे तसंही काढायचंच असतं, आणि चौरंगाला बांधायला खुंट हवे असतील तर तीच पिल्लं बुंध्यापासून कापून देता येतात. आपल्या खुंटाचंही भलं होतं.

आच्छादन, आडोसा, शेकोटी

इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात दिवाळीच्या सुमारास भात निघतो, तेव्हा ओळखीच्या कुणाकडून पेंढ्याचे चार भारे आणून ठेवावेत. बुंध्याभोवती दोन-अडीच फुटांपर्यंत चार-पाच बोटं जाड पेंढा पसरा. खोडाला मात्र तो टेकवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिथे ओल धरून सोंडकिड्याला आयती लपायला जागा मिळते. पेंढा नसेल तर आंब्याचा पाला, उसाचं पाचट, वाळकी केळीची पानं काहीही चालेल. त्याखाली ऑक्टोबरातच अर्धा-एक किलो निंबोळी पेंड मातीत मिसळलेली असेल तर उत्तम. थंडीच्या दिवसांसाठी केळीला निंबोळी पेंड देण्याची शिफारस कृषी विद्यापीठाकडूनही होत आली आहे.

आडोशाचं बघायचं तर उत्तरेकडून येणारा कोरडा वारा पानं चिंध्या-चिंध्या करतो. कंपाउंडला त्या बाजूने जुनं शेडनेट किंवा गोणपाट बांधलं तरी फरक पडतो. नवीन झाड लावणार असाल तर घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीपासून चार-पाच फुटांवर लावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब परत देते.

शेकोटीचं मात्र ऐकू नका. द्राक्षाच्या किंवा केळीच्या एकरभर बागेत पहाटे ठिकठिकाणी ओलसर पाला धुमसवतात, तिथे धुराचा थर बागेवर टिकतो आणि उपयोग होतो. एका झाडाशेजारी पेटवलेली शेकोटी पानं भाजते, आणि शेजारच्या दमेकरी आजोबांना धूर होतो तो वेगळाच.

घड बाहेर असेल तर त्याला पांघरूण द्या. जळगावकडे घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅगा मिळतात, इथे शेती साहित्याच्या दुकानांतही चौकशी करून पाहा. साधी पॉलिथिनची पिशवी वापरायची तर तिला भरपूर छिद्रं पाडा आणि खालचं तोंड उघडं ठेवा. बंद पिशवीत पाणी सुटतं आणि फळांवर काळे डाग पडतात. ओलं गोणपाट घडाला कधीही गुंडाळू नये. १३ अंशांखाली बराच वेळ राहिलेल्या फळाच्या सालीतला चीक गोठतो, सालीखाली तपकिरी रेषा दिसतात, आणि पिकल्यावरही ते केळं लखलखीत पिवळं न होता मळकट राहतं. चवीला बरं असतं, फेकू नका.

घड अडकला तर

हे कसं दिसतं ते नीट सांगते, कारण बरेच जण खूप उशिरा ओळखतात. निसवण जवळ आली की शेवटची एक-दोन पानं आधीच्या पानांपेक्षा आखूड येतात. त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत कमळाचं, म्हणजे केळफुलाचं, टोक दिसायला हवं आणि देठ वाकून ते खाली झुकायला हवं. थंडीत खोडाच्या आतला दांडा पुरेसा लांबत नाही. पानांचे देठ एकमेकांना घट्ट चिकटून शेंड्याशी दाटी करतात, खोडाचा गळा फुगतो. हात फिरवला तर आत कठीण गोळा लागतो. कमळ अर्धं बाहेर येऊन आकाशाकडे तोंड करून उभं राहतं, कधी खोडाची बाजू फाडून आडवंच बाहेर पडतं. आतल्या फण्या चेपल्या जातात.

गळा फुगलेला दिसला आणि दहा-बारा दिवसांत कमळ पुढे सरकलं नाही, तर दुपारी, ऊन असताना, धारदार स्वच्छ सुरीने फुगलेल्या जागी खोडाचे बाहेरचे दोन-तीन पापुद्रे उभे चिरा. आडवा काप अजिबात नको. सुरी खोल गेली तर दांड्याला लागेल, म्हणून एक पापुद्रा चिरला की थांबून बोटाने अंदाज घ्या. चीक भरपूर येतो, जुने कपडे घाला, डाग निघत नाहीत. घड वाट मिळेल तसा हळूहळू बाहेर सरकतो. हाताने ओढू नका. बाहेर आला की झुकत्या बाजूने बांबूची कैची (दोन बांबूंचा टेकू) लावा, कारण चिरलेलं खोड वजन पेलत नाही. उघड्या पडलेल्या दांड्यावर वाळकं पान बांधा, दुपारच्या उन्हाने तो भाजतो. असा घड लहान आणि वेडावाकडा राहतो. शेवटच्या एक-दोन बारक्या फण्या आणि कमळ काढलं तर वरच्या फण्या भरतात. कमळाची भाजी करावी, हे नाशिकात सांगायला नको.

पिकवण्याचं एक: थंडीत काढलेला घड ओट्यावर ठेवला तर पिकत नाही, नुसता वाळतो. फण्या वेगळ्या करून गोणपाटात किंवा तांदळाच्या डब्यात, सोबत एखादा पिकलेला चिकू घालून स्वयंपाकघराच्या उबेत ठेवा.

कोणतं पिल्लू ठेवायचं

हे जमलं तर वरच्या बऱ्याच गोष्टींची गरजच उरत नाही.

केळीला पिल्लू ठेवल्यापासून किंवा रोप लावल्यापासून निसवायला आपल्या हवेत साधारण नऊ-दहा महिने लागतात, आणि निसवल्यापासून घड काढणीला यायला उन्हाळ्यात तीन, थंडीत चारच्या वर. आता हिशोब करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीतून हौसेने आणलेलं जी-९ (ग्रँड नैन) जातीचं रोप नेमकं नोव्हेंबर-डिसेंबरात निसवायला येतं. एप्रिल-मेमध्ये ठेवलेलं पिल्लू जानेवारी-फेब्रुवारीत. दोन्ही थेट थंडीच्या तोंडी. दर वर्षी घड अडकतो तो यामुळे. झाड तेच, वेळ तीच, दुसरं काय होणार?

पावसाळ्याच्या शेवटी ठेवलेलं पिल्लू मात्र थंडीत गुडघा-कंबरेएवढं असतं. त्याच्या पोटात फूल नसतं, त्यामुळे थंडीने त्याची फक्त वाढ थांबते. फेब्रुवारीत ते पुन्हा चालायला लागतं, उन्हाळ्यात भरभरून पानं काढतं, जुलै-ऑगस्टात निसवतं आणि दिवाळीच्या आसपास, थंडी जोर धरायच्या आत, घड तयार होतो. जळगावचे शेतकरी केळीच्या जूनमधल्या लागवडीबरोबर (मृगबाग) ऑक्टोबरातही केळ लावतात (तिला कांदेबाग म्हणतात), तीही अशीच कोवळ्या वयात थंडी काढते.

म्हणजे फाल्गुनापासून श्रावणापर्यंत जी पिल्लं येतील ती जमिनीलगत कापत राहायची, आणि भाद्रपद-आश्विनात येतील त्यातलं एकच, तलवारीसारख्या अरुंद पानांचं आणि बुंध्याशी जाडजूड असलेलं, ठेवायचं. लहानपणापासूनच रुंद पानं असलेलं पिल्लू दिसायला गोजिरवाणं असतं, पण ते वरवर आलेलं असतं, त्याचा कंद दुबळा असतो. ते पूजेला द्या. कापलेली पिल्लं पुन्हा फुटतात, म्हणून कापाच्या मध्यभागी टोकदार कोयत्याने कोंब खुडून टाकायचा. एका खुंटावर एक मोठं झाड आणि एक पिल्लू, यापेक्षा जास्त गर्दी नको.

भाजीच्या केळीचं झाड जी-९ पेक्षा थंडी थोडी जास्त सोसतं. फार सखल आणि गार जागा असेल तर तेच लावलेलं बरं.

खत

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस वर्षभरात झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे. म्हणजे साधारण ४३५ ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, तेही थोडं थोडं विभागून. परसबागेत शेणखत, गांडूळखत असतं, तेव्हा याच्या निम्म्यावर भागतं. थंडीच्या दृष्टीने एवढंच पाहायचं की युरियाचा शेवटचा हप्ता सप्टेंबरात संपवायचा आणि ऑक्टोबरात पोटॅशचा एक हप्ता न चुकता द्यायचा. उशिरा दिलेल्या युरियाने लुसलुशीत पानं येतात आणि तीच आधी करपतात. पोटॅश मिळालेलं झाड थंडीत पानं जास्त दिवस धरतं. नोव्हेंबर ते जानेवारी दाणेदार खत पूर्ण बंद.

रथसप्तमीनंतर प्रत्येक नव्या पोग्याच्या देठावर मार्करने तारीख लिहायला घ्या. दोन पानांमधलं अंतर बारा-तेरा दिवसांवर आलं की मुळं जागी झाली असं समजा. त्या आठवड्यात वाळकी पानं काढा, आच्छादन बाजूला करून माती हलकी मोकळी करा, दोन पाट्या शेणखत घाला आणि पंधरा दिवसांनी युरिया-पोटॅशचा पहिला हप्ता द्या. पाणीही तेव्हापासूनच वाढवा.